रेक्विएम शिकताना: बर्लिनमधले आठ महिने

26 एप्रिल 2025 च्या रात्री सव्वानऊच्या सुमारास आमचं गाणं संपलं. परदेशात राहणाऱ्या ज्यांना पाश्चात्त्य समूहगायनात शिरावंसं वाटतं, पण "आपल्याला कुठे ते नोटेशन वाचता येतं" म्हणून जे दारातूनच परत फिरतात, त्यांच्यासाठी हे सगळं क्रमाने लिहून ठेवते आहे. मीसुद्धा दोनदा अशीच परत फिरले होते.

आम्ही गायलो ते तिग्रान मन्सुरियान यांचं रेक्विएम. रेक्विएम म्हणजे मृतांना शांती मिळावी म्हणून गायची लॅटिन प्रार्थना. पहिल्या ओळीतल्या पहिल्या शब्दावरूनच ते नाव पडलं. मन्सुरियान आर्मेनियन संगीतकार, जन्म 1939 चा, बैरूतमधला. 1947 साली त्यांचं कुटुंब आर्मेनियात आलं. ऑटोमन, म्हणजे तुर्कांच्या साम्राज्यात 1915 पासून जो आर्मेनियन वंशसंहार झाला, त्यातल्या बळींच्या स्मृतीला त्यांनी हे रेक्विएम वाहिलं आहे. ते पहिल्यांदा गायलं गेलं 2011 मध्ये, बर्लिनमध्येच. एक सोप्रानो (स्त्रीचा उंच आवाज), एक बॅरिटोन (पुरुषाचा मधला आवाज), स्त्री-पुरुषांचा कॉयर, म्हणजे समूहगायकांचा संच, आणि फक्त तंतुवाद्यं. आठ भाग, साधारण पाऊण तास.

हे सगळं मला सप्टेंबरात माहीत नव्हतं. माहीत होतं ते इतकंच की शार्लोटेनबुर्गमधल्या एका हौशी कॉयरला आल्टो, म्हणजे बायकांचे खालच्या पट्टीतले आवाज हवे आहेत. ग्रंथालयाच्या फलकावर चिठ्ठी होती आणि तिच्याखाली लिहिलं होतं, "नोटेशन वाचता येणं उपयोगाचं, पण अट नाही." त्या शेवटच्या तीन शब्दांवर मी गेले.

पहिली तालीम मंगळवार, 3 सप्टेंबर 2024, संध्याकाळी साडेसात ते दहा. इथली पद्धत अशी की चार तालमींना नुसतं येऊन बसता येतं, फुकट. तुम्ही त्यांना बघता, ते तुम्हाला. मग 'फोरझिंगन', म्हणजे कंडक्टरसमोर एकट्याने गाऊन दाखवायचं. ते जमलं तर सभासदत्व. पहिल्या दिवशी मला कुणीतरी प्रत उसनी दिली. मी पान उघडलं आणि मला कळेना की माझी ओळ कोणती. चार आवाजांच्या चार ओळी एकाखाली एक, खाली पियानोच्या दोन. आल्टो वरून दुसरी. शेजारच्या बाईंनी काही न बोलता पेन्सिलीने माझ्या ओळीच्या सुरुवातीला बाण काढला आणि प्रत्येक पानावर तसाच काढत गेल्या. त्या सत्तरीच्या असाव्यात. पांढरे आखूड केस, चष्मा साखळीला. त्या आर्मेनियन आहेत हे मला तिसऱ्या आठवड्यात समजलं.

कॉयरमध्ये सगळे एकमेकांना 'दू' म्हणतात, म्हणजे अरेतुरे. माझ्या आईच्या वयाच्या बाईंना 'दू' म्हणताना माझी जीभ अडायची. मी कितीतरी दिवस नावच न घेता बोलत होते. मनातल्या मनात मात्र मी त्यांना काकू म्हणायला लागले होते, म्हणून इथेही काकूच लिहिते.

माझं गाणं म्हणजे साताऱ्याला लहानपणी शिकलेलं हिंदुस्थानी, मध्यमा पूर्ण परीक्षेपर्यंत, आणि मग वीस वर्षांची सुट्टी. त्यामुळे पहिला उपाय मला सुचला तो हाच की प्रत्येक स्वराखाली सारेगम लिहून टाकावी. दोन रविवार बसून पहिल्या दोन भागांखाली भातखंडे पद्धतीने सगळं लिहिलं, कोमल स्वरांना खाली रेघ, तीव्र मध्यमाला वर उभी रेघ. आणि तालमीत ते कोसळलं. माझा सा जाग्यावर राहीना. आपल्याकडे तानपुरा लागला की सा ठरला, तो मैफल संपेपर्यंत तिथेच. इथे पाच ओळींनंतर सगळं संगीत दुसऱ्या घरात राहायला जातं आणि माझी सारेगम जुन्या घराच्या किल्ल्या हातात घेऊन उभी.

कंडक्टरना विचारलं. ते म्हणाले, सा धरून ठेवू नकोस, तुझ्या आधी कोण गातंय ते ऐक आणि तिथून तुझं अंतर मोज. म्हणजे टेनॉरचा, पुरुषांच्या उंच आवाजाचा, शेवटचा स्वर ऐकायचा आणि त्याच्यापासून चौथा उचलायचा, किंवा सोप्रानोच्या खाली तिसरा. मग मी सारेगम ठेवली, पण प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला नवा सा लिहायला लागले आणि तो कुठून घ्यायचा तेही: "टेनॉरकडून", "व्हायोलाकडून" (व्हायोला म्हणजे व्हायोलिनची थोडी मोठी बहीण). ज्यांना आपलं नोटेशन येतं त्यांनी ते सोडू नये असं मला वाटतं. फक्त सा हलतो हे आधीच कबूल करून टाकावं. आणि लिहायचं ते पेन्सिलीनेच, 2बी, मऊ.

एक गोष्ट लगेच सांगते, कारण मी ती चूक करणारच होते. घरी सरावासाठी उसन्या प्रतीच्या झेरॉक्स काढायला निघाले होते. जर्मनीत स्वरलिपीच्या प्रती परवानगीशिवाय काढणं कायद्याने मना आहे, खासगी वापरासाठीसुद्धा. कॉयर सगळ्यांसाठी एकत्र प्रती मागवतो. माझी 29 युरोंना पडली आणि यायला पाच आठवडे लागले.

2 ऑक्टोबरला सर्वपित्री अमावास्या होती. बाबा 2019 मध्ये गेले. भाऊ वाईला कृष्णेच्या घाटावर तर्पण करून आला होता आणि आई व्हिडिओ कॉलवर त्याच्या घरातून बोलत होती. मी सांगितलं की असं असं गाणं शिकतेय, मेलेल्यांसाठीचं.

"कुणाचं गं?"

"शंभर वर्षांपूर्वी मारलेली माणसं. आर्मेनियन. आपलं कुणी नाही त्यात."

मी तिला विचारलं की बरं दिसतं का असं, आपण परक्यांच्या दुःखात गळा घालणं. मला ते खरंच टोचत होतं. लॅटिन माझी नाही, धर्म माझा नाही, मेलेले माझे नाहीत. आई थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "अगं, गुरुजी शेवटी म्हणतात ना, येऽबान्धवा बान्धवा वा. नात्यातले, नात्यात नसलेले, मागच्या कुठल्या जन्मातले, सगळ्यांना एक ओंजळ. तुझे बाबा ती ओंजळ नेहमी सावकाश सोडायचे." मग तिने विचारलं की जेवलीस का, आणि विषय संपला.

फोरझिंगन 8 ऑक्टोबरला, तालमीच्या आधी, वीस मिनिटं. मी तीन रात्री नीट झोपले नव्हते. आधी आवाजाची पट्टी बघितली, वर कुठपर्यंत, खाली कुठपर्यंत. मग पियानोवर चार स्वर वाजवून तेच गायला सांगितलं, असं सहा-सात वेळा. मग स्वतःच्या आवडीचं काहीही. मी यमनमधली छोटी बंदिश गायले. मग चार ओळी बघून गायच्या, त्यात मी दुसऱ्याच मापात घसरले आणि थांबले. शेवटी तीन जणांबरोबर माझी ओळ, एका आवाजाला एकच माणूस. कंडक्टर म्हणाले की कान चांगला आहे, स्वर हलत नाही, पण तू एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जातेस. ती माझी मींड होती. बारा वर्षं जी घोटून घोटून बसवली ती. "इथे प्रत्येक स्वर दारात उभा राहून आत यायला हवा," असं ते म्हणाले. घेतलं मला, पण तीन खासगी आवाजाच्या शिकवण्या घे असा सल्ला देऊन. त्या 45 युरोला एक अशा घेतल्या आणि मला वाटतं की पूर्ण आठ महिन्यांत सर्वांत कामाचे पैसे तेच.

सभासदत्वाचे कागद: कॉयर म्हणजे नोंदणीकृत 'फेराइन', म्हणजे सभासदांची संस्था. दोन पानांचा अर्ज, बँकेतून थेट पैसे वळते करून घ्यायचं संमतिपत्र, फोटो छापायला हरकत आहे की नाही त्याचा वेगळा कागद. महिना 16 युरो, विद्यार्थ्यांना आणि बेरोजगारांना निम्मे. सोडायचं असेल तर सहामाही संपण्याच्या सहा आठवडे आधी लेखी कळवायचं. नियमावलीत एक वाक्य नीट वाचा, आमच्याकडे ते असं होतं की एका कार्यक्रमाच्या तालमींना चारपेक्षा जास्त गैरहजेरी झाली तर कार्यक्रमात उभं राहता येणार नाही. मी डिसेंबरची भारताची तिकिटं आधीच काढून बसले होते, त्यात तीन मंगळवार गेले. जानेवारीत ताप आला तेव्हा चौथा गेला. एप्रिलपर्यंत मी पावसाळी बूट घालून, नाक गळत असतानाही जात राहिले, मागच्या खुर्चीवर मास्क लावून नुसती ऐकत बसले, कारण बसून ऐकलेलं हजेरीत धरतात.

नोव्हेंबरात इतिहास वाचायला घेतला. 24 एप्रिल 1915 च्या रात्री कॉन्स्टँटिनोपलमध्ये, म्हणजे आजच्या इस्तंबूलमध्ये, अडीचशेच्या आसपास आर्मेनियन लेखक, डॉक्टर, वकील, पुढारी घरांतून उचलून नेले. मग गावंच्या गावं सिरियाच्या वाळवंटाकडे चालवत नेली. किती मेले याचे अंदाज सहा लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत जातात. तुर्कस्तानचं सरकार याला वंशसंहार म्हणत नाही. जर्मनी तेव्हा ऑटोमनांचा दोस्त होता, आणि जर्मन संसदेने तो शब्द ठरावात वापरला 2 जून 2016 ला.

मी तालमीला त्सू स्टेशनवरून हार्डेनबर्गस्ट्रासेने चालत जाते. त्याच रस्त्यावर 15 मार्च 1921 ला तलात पाशाला, ज्याच्या हुकमांनी हे घडलं त्याला, सोगोमोन तेहलिरियान या आर्मेनियन तरुणाने भर दिवसा गोळी घातली. बर्लिनच्या कोर्टात जूनमध्ये दोन दिवस खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. हे वाचल्यावर तो रस्ता मला पूर्वीसारखा कधी चालता आला नाही. अकरा वर्षं मी तिथून जात होते.

आणि कोमितास. हे नाव मन्सुरियान यांच्याबद्दल वाचताना सारखं समोर येतं. कोमितास पाद्री होते, संगीतकार होते, 1896 ते 1899 बर्लिनमध्ये शिकले, मग गावोगाव फिरून त्यांनी हजारांनी लोकगीतं टिपून घेतली. 24 एप्रिलला उचललेल्यांत तेही होते. ते जिवंत परत आले, पण मन परत आलं नाही. पुढची वर्षं पॅरिसजवळच्या मनोरुग्णालयात गेली आणि 1935 मध्ये तिथेच वारले. आमच्या कार्यक्रमात रेक्विएमच्या आधी त्यांचं 'देर वोघोर्म्या' होतं. अर्थ तोच, जो रेक्विएममधल्या 'किरिए एलेइसोन'चा: प्रभो, दया कर.

डिसेंबरात मुंबईत असताना फोर्टमधलं आर्मेनियन चर्च बघायला गेले. मेडोज स्ट्रीटवरचं, 1796 चं. कॉलेजात असताना त्या रस्त्यावरून कितीदा गेले असेन. दार बंद होतं. बाहेर पाच मिनिटं उभी राहिले आणि चर्चगेटला जाऊन गाडी धरली.

17 ते 19 जानेवारी तालमीचं शिबिर, ब्रांडेनबुर्गमध्ये एका तळ्याकाठच्या युथ हॉस्टेलवर. 145 युरो, जेवणासकट, चादरी आपापल्या. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी गरम पाण्याचा थर्मास, घशासाठी खडीसाखर-लवंग आणि जाड मोजे न्यावेत. शनिवारी आम्ही सात तास गायलो.

उच्चारांवर पूर्ण एक सकाळ गेली. लॅटिन म्हणायच्या दोन तऱ्हा आहेत. 'luceat' ला इटालियन तऱ्हेने लूचेआत, जर्मन तऱ्हेने लूत्सेआत. अर्थ एकच, 'त्यांच्यावर प्रकाश पडो'. आम्ही इटालियन घेतली. मराठी माणसाला इथे फायदा आहे, आपले अ, ए, ओ स्वच्छ असतात. मी माझ्या प्रतीत सगळं लॅटिन देवनागरीत लिहिलं होतं, 'दोना एइस रेक्विएम', आणि जर्मन शेजारणी ते बघायला यायच्या. शब्दांचे अर्थही ओळीवर लिहिले. 'दे ओरे लेओनिस', सिंहाच्या जबड्यातून. 'तुबा मिरुम' या भागात शब्द तुतारीचे आहेत, थडग्या-थडग्यांतून घुमणाऱ्या तुतारीचे, आणि वाद्यवृंदात तुतारी एकही नाही. नुसती तंतुवाद्यं. कंडक्टर म्हणाले, तुतारी तुमच्या गळ्यात असायला हवी.

शनिवारी रात्री जेवणानंतर काकूंनी आम्हाला 'दाम' शिकवला. आर्मेनियन गाण्यात चालीच्या खाली एकच स्वर अखंड धरून ठेवतात, त्याला दाम म्हणतात. दुदुक, म्हणजे सनईसारखं आर्मेनियन वाद्य, वाजवणारे दोघे असतात ना, त्यातला एक तेवढंच करतो, स्वर धरतो. काकूंनी अर्ध्या जणांना स्वर दिला आणि स्वतः वर देर वोघोर्म्या गायला लागल्या. त्यांचा आवाज आता चिरतो. पण त्या एका स्वरावरून दुसऱ्यावर सरळ उडी मारत नव्हत्या. त्या जात होत्या. मध्ये बारीक वळण होतं, श्रुतीएवढं. मला ऐकता ऐकता भरून आलं, कारण खाली तानपुरा होता आणि वर मींड होती, आणि हे कुणी मला परकं म्हणून सांगितलं असतं तर मी मानलं नसतं.

धरलेल्या स्वराची एक युक्ती असते, तिला जर्मनमध्ये 'कोरिशेस आत्मेन' म्हणतात. एवढा लांब श्वास कुणालाच पुरत नाही. म्हणून प्रत्येकाने वेगवेगळ्या वेळी हळूच थांबायचं, श्वास घ्यायचा आणि आवाज न करता परत आत शिरायचं. शेजारचा थांबतोय असं वाटलं की आपण थांबायचं नाही. बाहेरून ऐकणाऱ्याला स्वर तुटलेला कधी कळत नाही. त्या रात्री वीस जणांनी तो एक स्वर कितीतरी मिनिटं धरला. मी दोन-तीनदा बाहेर पडले आणि परत आले, आणि प्रत्येक वेळी स्वर तिथेच होता.

झोपायच्या आधी काकूंनी सांगितलं की त्यांची आजी खारपेर्तची, आजच्या पूर्व तुर्कस्तानातली. नऊ वर्षांची असताना चालत सिरियातल्या हलबला (अलेप्पोला) पोचली, तिच्याबरोबर निघालेल्या सात जणांपैकी एकटी. मग बैरूत. लेबनॉनचं युद्ध पेटलं तेव्हा काकू बर्लिनला आल्या. आजी चालताना मोजायची, म्हणाल्या. पावलं मोजायची. म्हातारपणीही जिने चढताना ओठ हलायचे.

फेब्रुवारी सगळा कागदांत गेला. ज्या चर्चशी नोव्हेंबरात बोलणं झालं होतं त्यांनी जानेवारीअखेर कळवलं की हीटिंगचं काम निघालंय, एप्रिलमध्ये जागा देता येणार नाही. मी व्यवस्था समितीत नाव दिलं होतं, त्यामुळे दोन आठवडे दुपारच्या सुट्टीत फोन. अकराव्या ठिकाणी होकार मिळाला. भाडेकरार, अनामत, फेराइनच्या विम्याचा कागद, अग्निसुरक्षेसाठी खुर्च्यांचा आराखडा. मन्सुरियान हयात आहेत, त्यामुळे सादरीकरणाच्या हक्कशुल्काचा अर्ज गेमा या संस्थेकडे करावा लागतो: रचना, संगीतकार, मिनिटं, खुर्च्या, तिकिटाचे दर. तो कार्यक्रमाच्या आधी भरायचा, नंतर नव्हे. कोमितासना जाऊन सत्तर वर्षं उलटून गेलीत म्हणून मूळ चालीवर शुल्क नाही, पण आम्ही गायलो ती चार आवाजांची मांडणी नव्या माणसाची होती, तिचं वेगळं लिहावं लागलं. वाद्यवृंदाच्या प्रती विकत मिळत नाहीत, भाड्याने येतात. हे सगळं मला एका वयस्कर सभासदाने शेजारी बसून भरून दाखवलं, नाहीतर मी अर्ध्यात सोडलं असतं.

भित्तिपत्रकावरून 25 फेब्रुवारीला दोन तासांची बैठक झाली. प्रश्न एकाच शब्दाचा होता, 'फ्योल्करमोर्ड', वंशसंहार. कुणीतरी सुचवलं की "1915 च्या बळींच्या स्मृतीस" एवढं पुरे, उगाच वाद नको. काकू काहीच बोलल्या नाहीत. बोलली ती माझ्या दुसऱ्या बाजूला बसणारी मुलगी, तिशीतली. तिचे आजी-आजोबा साठच्या दशकात तुर्कस्तानातून इथे कामाला आले. ती म्हणाली, पूर्ण शब्द लिहा, मोठ्या अक्षरात लिहा. नंतर बसच्या थांब्यावर मला सांगितलं की घरी अजून बोललेली नाहीये काय गातेय ते. शब्द छापला गेला.

मार्च म्हणजे नुसता सराव. घरी रात्री दहानंतर आणि रविवारी दिवसभर मोठ्याने गाता येत नाही, शेजारी तक्रार करतात, म्हणून मी कपड्यांच्या कपाटात तोंड घालून गायचे. कपड्यांत आवाज जिरतो. ऑफिसला जाताना कानात आल्टोची ध्वनिफीत, हातात प्रत, बोटांनी मांडीवर मात्रा. आपल्या आवर्तनाची सवय इथे आड येते. समेवर परत येऊ असं शरीराला वाटत राहतं आणि मापं बदलतच जातात. त्याला उपाय एकच, मोजत राहणं, मनात, न थांबता. मोजताना मला काकूंची आजी आठवायची.

24 एप्रिल गुरुवार होता. मी अर्धा दिवस सुट्टी टाकली आणि काकूंबरोबर फ्युर्स्टेनब्रुनर वेगवरच्या लुइझेनकिर्शहोफ दफनभूमीत गेले. तिथे ऑटोमन साम्राज्यात मारल्या गेलेल्या आर्मेनियन, ग्रीक आणि सिरियाक ख्रिस्ती लोकांचं स्मारक आहे. माणसं बरीच होती, बरेचजण जांभळ्या फुलाची पिन लावून, विसरू नकोस नावाच्या फुलाची. परतताना काकू म्हणाल्या की आमच्या चर्चमध्ये आता यांच्यासाठी रेक्विएम होत नाही. एप्रिल 2015 मध्ये आर्मेनियन चर्चने वंशसंहारातल्या सगळ्या बळींना संत घोषित केलं. संतांना शांती मिळो अशी प्रार्थना कशी करणार? संतांकडे आपण मागायचं.

मी विचारलं, "मग तुम्ही हे का गाताय?"

त्या चालत राहिल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "संत काय, सगळ्यांचे असतात. माझ्या आजीची आई माझी आहे. तिला कुणी पुरलंही नाही."

त्याच संध्याकाळी वाद्यवृंदाबरोबर पहिली तालीम. ज्यांनी आठ महिने फक्त पियानोवर ऐकलंय त्यांनी मनाची तयारी ठेवा, कारण काहीच ओळखू येत नाही. मी ज्या ठिकाणी "व्हायोलाकडून" लिहिलं होतं तिथे व्हायोला माझ्या पाठीमागे, खांबापलीकडे. स्वर येईपर्यंत मी पुढे गेलेली. शुक्रवारी गेनेरालप्रोबे, म्हणजे रंगीत तालीम, ती बरी झाली. चर्चमध्ये गारठा असतो, काळ्या कपड्यांच्या आत लोकरीचं घाला. काळी फाइल 22 युरो, पायांना सवय असलेले बूट, दीड तास उभं राहायचं आहे. खर्चाचा हिशोब विचारणारे बरेच असतात म्हणून सांगते: सहा महिन्यांची वर्गणी 96, प्रत 29, शिबिर 145, शिकवण्या 135, फाइल 22. एकूण 427 युरो.

कार्यक्रमाच्या दिवशी कंडक्टरनी एकच सूचना दिली. रडू आलं तर गिळू नका, गिळलं की घसा आवळतो. तोंड उघडं ठेवा, स्वर सोडा, शेजारचा धरेल. 'लाक्रिमोसा' या भागात माझं तसंच झालं. काय झालं ते आधी कळलं नाही, आवाजच येईना. मी तोंड उघडं ठेवलं. डावीकडे काकू होत्या, उजवीकडे ती मुलगी. स्वर चालू होता. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही, मग मी हळूच आत शिरले.

'आग्नुस देई' या अखेरच्या भागाचा शेवटचा स्वर गेल्यावर कंडक्टरनी हात खाली घेतले नाहीत. चर्च भरलेलं होतं, एका बाकाची लाकडी करकर सोडली तर काही ऐकू येत नव्हतं. बाहेरून एक बस गेली. मग त्यांनी हात सोडले आणि तरी लगेच कुणी टाळी वाजवली नाही. मागच्या रांगेत त्या मुलीचा भाऊ उभा होता. तो आलेला आहे हे तिला तेव्हाच दिसलं.

मंगळवारी, 29 तारखेला, आम्ही सहा-सात जणी वाद्यवृंदाच्या भाड्याच्या प्रती आवरायला जमलो. त्या परत पाठवताना वादकांनी केलेल्या सगळ्या पेन्सिलीच्या खुणा खोडून द्याव्या लागतात, नाहीतर दंड लागतो. मऊ रबर आणा, कडक रबराने कागद फाटतो. काकूंनी चेलोची प्रत घेतली होती. एकेक पान खोडायच्या, हाताने रबराचे तुकडे गोळा करून रुमालात टाकायच्या आणि पुढचं पान उलटायच्या. माझ्याकडे दुसरी व्हायोलिन्स होती. सव्वानऊपर्यंत सगळं झालं. खोकं बांधलं, वर पत्ता चिकटवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते पोस्टात देऊन पावती फेराइनच्या फाइलमध्ये लावली. माझी प्रत घरी आहे. तिच्यावरचं काही खोडलेलं नाही.